अननसाचे डोळे

अननस धरायचा कुठे, इथूनच माझी पंचाईत सुरू झाली. शेंडीला धरावा तर पानांच्या कडांचे बारीक काटे बोटांना लागतात. अंगाला धरावा तर प्रत्येक खवल्यावर एकेक सुकं टोक ताठ उभं. पपई, खरबूज, कलिंगड यांचं बरं असतं; हातात घेतलं की सुरी कुठे लावायची ते फळच सांगतं. अननस ओट्यावर उभा करून ठेवला की वाटतं, कापायला आपण नाही, तोच आपल्याला जोखतो आहे.

आमच्या घरात अननस यायचा तो गाडीवरून, चिरलेला, वर तिखट-मीठ भुरभुरलेला. नाहीतर टिनमधून, पाकात बुडालेल्या, मधे भोक असलेल्या एका मापाच्या चकत्या होऊन. अख्खा अननस विकत आणायचं कधी मनातच आलं नव्हतं. पण शेजारच्या काकू सावंतवाडीच्या. गावाहून परतल्या की आमच्या दारात कोकमं, सुपारी, फणसाचे गरे असं काहीबाही येतं. या पावसाळ्याच्या तोंडाला दोन अख्खे अननस आले. “माडाच्या मुळाशी लावलेले आहेत, घरचे. सोलून खा,” असं म्हणून काकू गेल्यासुद्धा. ‘सोलून खा’ हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की ‘म्हणजे कसं?’ विचारायची सोयच राहिली नाही.

दोघांतला एक चांगला पिवळाधमक होता. दुसरा बुडाशी जेमतेम पिवळसर, वर हिरवागार. आईने फोनवरून उपाय सांगितला, तांदळाच्या डब्यात ठेव, चार दिवसांत पिकेल. आमच्याकडे आंबा, चिकू, सीताफळ, सगळ्यांवर हाच इलाज चालतो. संध्याकाळी काकूंच्या कानावर हे गेलं आणि त्या हसायलाच लागल्या. “तो काय आंबा आहे अढीत घालायला? झाडावर जेवढा गोड झाला तेवढा झाला.”

मला ते पटेना. मग रात्री बसून वाचलं, तर काकूंचं अक्षर न् अक्षर खरं. आंबा उतरवतो तेव्हा त्याच्या पोटात पिठूळ स्टार्च साठलेला असतो आणि अढीत त्याची साखर होते. अननसाच्या गरात असा साठा जवळपास नसतोच. त्याची साखर पानांत तयार होऊन देठातून वर येते. देठ तुटला की पुरवठा बंद. घरी ठेवलेल्या अननसाचा रंग थोडा पालटतो, गर मऊ पडतो, वासही जरा दरवळतो. गोडी मात्र जिथे होती तिथेच. तेव्हा तांदळाच्या डब्याला काही अर्थ नाही. उलटा ठेवला की बुडाचा गोडवा शेंड्याकडे उतरतो म्हणतात, त्यालाही नाही. रस पेशींमध्ये कोंडलेला असतो, तो असा खालीवर करत नाही.

याचा अर्थ असा की अननसाची निम्मी लढाई सुरी हातात घेण्याआधीच जिंकलेली किंवा हरलेली असते. आपल्याकडच्या बाजारात बराचसा माल केरळातून येतो. तिथल्या वाळकुळम भागातल्या अननसाला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. लांबच्या बाजारासाठीचं फळ वाटेत टिकावं म्हणून थोडं आधीच काढतात, त्यामुळे निवडणाऱ्याला नाक वापरावं लागतं. फळ उलटं करून बूड नाकाशी न्यायचं. गोड वास आला तर घ्यायचं, काहीच वास नसेल तर ठेवून द्यायचं, आंबूस दारूसारखा आला तर लांब व्हायचं. आकाराच्या मानाने हाताला जड लागलं पाहिजे आणि खवले फुगून सपाट झालेले असले पाहिजेत. शेंडीतलं मधलं पान ओढून सहज निघालं की फळ तयार, ही परीक्षा लोक मोठ्या रुबाबात करतात. माझा तिच्यावर विश्वास नाही, कारण शिळ्या, वाळत चाललेल्या फळाचं पानही तसंच निघतं. आणि रंगावर तर मुळीच जाऊ नये; रंग औषध फवारूनही आणता येतो.

आता कापणं. घरातली भाजीची सुरी अननसाच्या अंगावरून नुसतीच घसरली. बायकोने पाव कापायची दातेरी सुरी पुढे केली, ती मात्र पहिल्या फटक्याला आत रुतली. पाट सरकत होता, त्याच्याखाली ओलं फडकं घातलं. पाटाखाली परात ठेवणं हे शहाणपण बायकोचंच. अननस कापताना जो रस वाहतो त्याचा अंदाज गाडीवर खाणाऱ्याला येत नाही, आणि ओट्यावरून तो जिथे पोचतो तिथे मुंग्याही पोचतात.

बुडाची एक चकती काढली की अननस सरळ उभा राहतो. शेंडी उडवायची की ठेवायची याबद्दल दोन मतं आहेत. एका हाताने अंग आणि दुसऱ्या हाताने शेंडी धरून उलटसुलट पिळलं की ती कचकन निखळते, सुरीही लागत नाही. मला यात भलताच आनंद झाला. पण कोपऱ्यावरचा गाडीवाला शेंडी शेवटपर्यंत काढत नाही, कारण तीच त्याची मूठ. शेंडी डाव्या हातात, लांब सुरी उजव्या, आणि फळ हवेतच फिरत असतं. मी त्याला म्हटलं, “जरा हळू दाखवता का?” त्याने मनापासून प्रयत्न केला. दोन खवले हळूहळू काढले, तिसऱ्याला सुरी खोल गेली आणि गराचा मोठा तुकडा खाली पडला. “हळू जमत नाही साहेब,” तो म्हणाला, “हळू केलं की हात विचार करायला लागतो.” आणि पुढचं फळ त्याने एरवीच्याच वेगाने संपवलं. त्यातून मी काय शिकलो, तर काही नाही.

घरी मी फळ उभं ठेवून वरून खाली, त्याच्या पोटाच्या गोलाईने साल उतरवत गेलो. इथे खरा पेच येतो. साल जाड काढली तर रसाळ गर सालीबरोबर जातो. पातळ काढली तर पिवळ्या अंगावर तपकिरी डोळे तसेच राहतात. हे डोळे वरवरचे डाग नसतात, चांगले आत गेलेले असतात. तुसासारखे दाताला लागतात आणि घशाला खवखवतात. म्हणजे साल काढून झालं की काम संपत नाही, तिथून सुरू होतं.

एक डोळा सुरीच्या टोकाने उपसून खिडकीच्या उजेडात धरला. आत छोटीशी पोकळी, आणि तिच्यात वाळलेले, केसाइतके बारीक तपकिरी धागे. लेक आठवीत आहे आणि विज्ञान हा तिचा हक्काचा प्रांत. तिने भिंग आणलं, बराच वेळ बघितलं आणि जाहीर केलं, “बाबा, हे पुंकेसर आहेत. हे फूल आहे.”

तिचं बरोबर होतं, आणि तिथून मला या फळाचा एकेक हट्ट समजायला लागला. अननस हे एका फुलाचं फळ नव्हेच. पानांच्या मधून एक जाड दांडा वर येतो, त्याच्याभोवती शंभर-दोनशे लहान जांभळट फुलं दाटीवाटीने लागतात, आणि त्या सगळ्यांचे बीजकोश, खालची खवल्यासारखी पानं आणि मधला दांडा एकमेकांत मिसळून एकच गोळा होतो. कोकणातल्या माणसाला हे सांगायला लागणार नाही, कारण फणसाचंही असंच; त्यातला एकेक गरा म्हणजे एकेक फूल. फरक इतकाच की फणसात प्रत्येकाचं बिऱ्हाड वेगळं राहतं, अननसात भिंती पाडून टाकलेल्या असतात. आपण ज्याला डोळा म्हणतो ती एका फुलाची सुकून गेलेली जागा. मधला कडक गाभा, जो कापताना सुरीला अडतो, तो फुलोऱ्याचा दांडा. आणि हाच दांडा फळातून आरपार जाऊन वर पुन्हा पानं फोडतो, ती शेंडी. म्हणून तर ती मातीत लावली की रुजते. फळ धरायला दीड-दोन वर्षं लागतात, तेही एका झाडाला एकच. बागायतदार शेंडीची वाट बघत बसत नाहीत, बुडाशी येणारे फुटवे लावतात.

फुलं उमलतात ती खालून वर. त्यामुळे बुडाचा भाग आधी पिकतो, शेंडीजवळचा सर्वांत शेवटी. ताटात घेतल्यावर हे लगेच जिभेला कळतं, खालची फोड गोड आणि वरची आंबट. टिनवाल्यांच्या चकत्या दिसायला कितीही देखण्या असोत, घरात आडव्या चकत्या कापणं मला अन्यायाचं वाटतं. बुडाची चकती मिळालेला माणूस अननसाचं कौतुक करतो आणि शेंड्याची मिळालेला तोंड वाकडं करतो, फळ मात्र एकच. उभे चार भाग करावेत, प्रत्येकाच्या टोकाचा गाभा काढावा आणि मग हव्या तशा फोडी कराव्यात. प्रत्येकाच्या वाट्याला थोडा वर, थोडा खाली. एकत्र कुटुंबात हे विशेष लक्षात ठेवावं.

पण त्याआधी डोळे. एकेक डोळा टोकरून काढत गेलो तर अननसाची चाळण झाली असती आणि जेवायची वेळ टळली असती. लेकीने तोवर दुसऱ्या, न सोललेल्या अननसावर पेनाने ठिपके मारायला घेतले होते. डोळे आडव्या ओळीत नसतात, तिरक्या रांगांनी फळाभोवती चढत जातात हे तिच्या लक्षात आलं होतं. एका बाजूला झुकलेल्या कमी चढाच्या रांगा भरल्या आठ. उलट बाजूला झुकलेल्या, जास्त उभ्या रांगा तेरा. ती आनंदाने ओरडलीच, कारण ५, ८, १३, २१ ही मागच्या दोन आकड्यांची बेरीज करत जाणारी मालिका तिला शाळेत फिबोनाचीच्या नावाने शिकवली होती. मी तेवढ्यात माझं ज्ञान पाजळून घेतलं. फिबोनाचीचं पुस्तक १२०२चं, आणि लघु-गुरू मात्रांची वृत्तं किती प्रकारे बांधता येतील हे मोजताना हेमचंद्राचार्यांनी हीच मालिका त्याच्या आधी मांडली होती. लेक म्हणाली, “मग तुम्ही त्या रांगेनेच का नाही कापत?”

गाडीवाला हेच करत होता, वेगामुळे दिसलं नव्हतं. सुरी रांगेच्या एका बाजूने तिरकी लावायची, मग दुसऱ्या बाजूने तिरकी, दोन्ही काप खाली एकमेकांना भेटले की डोळ्यांची अख्खी पट्टी सुटून येते. आठ लांब चऱ्या पाडाव्यात किंवा तेरा आखूड. मी आठांच्या बाजूने गेलो. चऱ्या नीट याव्यात म्हटलं तरी पहिल्या दोन वेड्यावाकड्या आल्या. तिसरीपासून फळ हातात फिरवत राहायचं आणि सुरी जागच्या जागी ठेवायची हे जमलं. गर फारसा वाया जात नाही. शेवटी जो नागमोडी, पीळदार अननस उभा राहिला तो माझ्या हातून झाला यावर घरात कुणाचा विश्वास बसेना.

मधेच काकू डोकावल्या. माझी सुरी त्यांना बघवेना. “तसो नको, तिरको काप,” असं म्हणत त्या खाली बसल्या आणि विळी मागितली. विळीवर पातं स्थिर आणि फळ दोन्ही हातांत, त्यामुळे चऱ्या आपोआप रांगेने पडतात. हे बघितल्यावर मला सुरीची पद्धतच उफराटी वाटायला लागली. पण विळीवर बसायला गुडघे लागतात, आणि ते काकूंचे माझ्यापेक्षा बरे आहेत.

ऑफिसातल्या एकाने अननस कापायचं स्टीलचं यंत्र सुचवलं. शेंडी उडवायची, यंत्र वरून स्क्रूसारखं फिरवत आत घालायचं, गाभा आणि साल मागे राहते आणि गोल चकत्या बाहेर येतात. टिनच्या चकत्यांमागेही हेच तत्त्व. हवाईमध्ये जेम्स डोल यांच्या कारखान्यासाठी हेन्री जिनाका या माणसाने १९११मध्ये असंच मोठं यंत्र बनवायला घेतलं. फळातून एका मापाचा दंडगोल काढायचा, गाभा पोखरायचा, आणि डब्यात बसतील अशा चकत्या पाडायच्या. कारखान्यात ठीक आहे, सालीला चिकटलेला गरही ते खरवडून रसाला वापरत. घरात त्या यंत्राने बराच गर सालीला राहतो आणि आपण तो चमच्याने खरवडत बसतो. मी ते घेतलं नाही.

कापून झाल्यावर लक्षात आलं, बोटांची टोकं चुरचुरताहेत. नखाशेजारी सालपट निघालेलं होतं तिथे तर आगच. लेकीने तोवर वाटीभर फोडी संपवल्या होत्या आणि जीभ बाहेर काढून फिरत होती. अननसात ब्रोमेलिन नावाची विकरं असतात, त्यांचं काम प्रथिनं तोडणं. तोंडाच्या आतल्या नाजूक कातड्यावर ती तेच करतात. भरीला कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, ते टोचतात ते वेगळंच. म्हणजे आपण अननस खातो तेव्हा तोही थोडं आपल्याला खात असतो. गाभ्यात आणि झाडाच्या खोडात ब्रोमेलिन जास्त. दाढ काढल्यावर सूज उतरायला डॉक्टर काही गोळ्या देतात, त्यांतल्या कित्येकांत हेच असतं. काकूंनी फोडी मिठाच्या पाण्यात थोडा वेळ टाकून ठेवल्या. त्यानंतर जीभ कमी चरचरली आणि गोडीही पुढे आली. गाडीवरचं तिखट-मीठ नुसत्या चवीसाठी नसावं, असं आता वाटतं.

याच कारणाने न शिजवलेला अननस दुधात घालून ठेवला तर दूध कडवट होतं. दह्यात घातला तर रायतं ताबडतोब वाढावं, फ्रीजमध्ये ठेवू नये. जिलेटिनची जेली ताज्या अननसाबरोबर कधीच धरत नाही, कारण जिलेटिन हे प्रथिन. चायना ग्रास मात्र धरतं, ते समुद्री शेवाळाचं. उकळलं की विकरं मरतात. म्हणून लग्नातला अननसाचा शिरा, मुरंबा, टिनच्या चकत्या यांना यातलं काही लागू नाही.

जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत अननसाच्या वासाची आणि चवीची तारीफ केली आहे. फिरंग्यांच्या बंदरांतलं हे फळ आग्र्याच्या गुलअफशान बागेत दरवर्षी हजारोंनी पिकायचं म्हणतो. पोर्तुगीजांनी ते दक्षिण अमेरिकेतून इकडे आणून तेव्हा फार काळ झाला नव्हता. सोलण्याची चिंता बादशहाला नसणार. त्याचे डोळे काढायला माणसं होती.

दुसरा, हिरवट अननस आंबटच निघाला, निघणारच होता. त्याचं काकूंनी सासव करायला सांगितलं. त्या सांगत होत्या आणि मी करत होतो. फोडी आधी गूळ आणि चिमूटभर मीठ घालून चांगल्या उकळू द्यायच्या. का, ते मला आता कुणी सांगायला नको होतं. गार होऊ द्यायच्या. ओलं खोबरं, सुक्या मिरच्या आणि मोहरी एकत्र वाटायची, वाटण शिजवायचं नाही, नुसतं कालवायचं. गाभाही टाकला नाही. तो बारीक चिरून उकळीत घातला की मऊ होतो आणि रस देतो. साली आल्याच्या तुकड्याबरोबर आणि दोन लवंगांबरोबर पाण्यात उकळून, गाळून, साखर घालून सरबत केलं, ते लेकीने शाळेत बाटलीतून नेलं.

सासव वाटीत काढून काकूंकडे पाठवलं. थोड्या वेळाने वाटी धुऊन परत आली, सोबत निरोप, “मोहरी जास्त झाली. पण डोळा एकही सापडला नाही.”